लूम थांबले की कोण रडतं

चहा गार होतोय, होऊ दे. हे आधी लिहून टाकते, कारण आत्ताच खालून वर आले आणि हे कोणाला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचणार नाही. आज बुधवार, लसीचा दिवस. गल्लीत नवीन सिस्टर आली होती. चांगली आहे, नावं ठेवत नाही. खुर्चीवर बसली, फोनमध्ये यादी बघितली, ज्याचं नाव त्याला बोलावलं, टोचलं, पुढचा. अर्ध्या तासात काम खल्लास. पण बायका घरी जाईनात. पोरं कडेवर घेऊन तिथेच उभ्या. शेवटी शेजारची भाभी म्हणाली, "बस, हो गया?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या सगळ्या कशाची वाट बघतायत. बाळांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

आमची जुनी सिस्टर, आत्ता रिटायर झाली ती, विचारायची. म्हणजे खरंच विचारायची, चेष्टा नाही. सात दिवसांच्या बाळासमोर वाकायची, दोन्ही हात मागे बांधायची आणि एकदम साहेबाशी बोलल्यासारखं, "अहो, काय म्हणता? दूध मिळते ना वेळेवर? झोप होते ना?" आणि मग थांबायची. उत्तराची वाट बघायची. पहिल्यांदा बघणारा माणूस हसायचाच. पण ती हसायची नाही, म्हणून मग आपल्यालाच कसंतरी व्हायचं आणि आपण पण बाळाकडे बघत उभे राहायचो, आता हा काय बोलतो म्हणून.

ती यवतमाळकडची. किती वर्षं सुरतेत होती देव जाणे, पण बोलणं तिकडचंच राहिलं. काहून, कायले, करून राहिली, असं. आमच्या गोडादऱ्यात सगळेच कुठून ना कुठून आलेले. आम्ही खान्देशातले, घरात अहिराणी, रस्त्यावर हिंदी, शाळेत गुजराती. त्यामुळे तिचं बोलणं कोणाला खटकलं नाही. खटकायचं ते एवढंच की बाळांना अहो आणि बाकी सगळ्या दुनियेला तू. माझ्या आईला तू, दादाला तू, लूमच्या शेठला सुद्धा तू. एकदा शेठ म्हणाला, बेन, जरा मान देऊन बोला. तर ती म्हणाली, तुले मी दोन दिवसाचा असताना भेटली असती तं अहोच म्हटलं असतं.

दिसायला एवढीशी. पांढरे कॅनव्हासचे बूट, रोज धुतलेले, आणि आमच्या गल्लीत गटाराचं पाणी कधी कुठून येईल सांगता येत नाही, तरी ते बूट पांढरेच. बॅग पाठीवर न लावता पुढे पोटावर. तिच्यात वजनकाटा, एक वही, लसीचे कागद आणि एक बटाटा.

बटाट्याचं सांगते थांबा, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आमच्याकडे बाळाचं वजन करू देत नाहीत. म्हणजे आता देतात, पण तेव्हा सासवांचं पक्कं होतं, की बाळ काट्याला टांगलं की नजर लागते, आकडा मोठ्याने बोललं की बाळ वाळतं. बाकीच्या सिस्टर भांडायच्या. सही घ्यायच्या की ह्यांनी नकार दिला, आणि जायच्या. ही भांडलीच नाही. काटा दाराच्या कडीला अडकवायची, बॅगेतून बटाटा काढायची, आधी तो झोळीत ठेवायची आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, "वा, काय गुटगुटीत हाय." मग बटाटा काढून बाळ ठेवायचं, आकडा मनातच वाचायचा, वहीत लिहायचा. आता नजर लागली ती बटाट्याला. सासू खूश. आणि त्या घरातून निघताना सासू एक नवीन बटाटा द्यायची, पुढच्या घरासाठी, कारण आधीचा आता दृष्ट लागलेला. तर असे दिवसाला सात-आठ बटाटे जमायचे. मी एकदा विचारलं, ह्यांचं काय करता? तर म्हणाली, भाजी. मी म्हटलं, दृष्ट लागलेल्या बटाट्याची? तर म्हणाली, त्यायलेच चव राहते.

मी तेव्हा अकरावीत होते, आणि मला ती वेडी वाटायची. हे खरं सांगते. कॉलनीतल्या पोरी आम्ही तिची नक्कल करायचो, कुत्र्याच्या पिल्लासमोर वाकून, अहो, काय म्हणता.

पण त्या विचारण्यात काय होतं ते मला खूप उशिरा कळलं. आमच्या मागच्या गल्लीत एक आजी होती, नातवाला रोज मधात घुट्टी उगाळून द्यायची. सूनबाई वीस वर्षांची, तिला माहीत होतं की देऊ नये, दवाखान्यात सांगितलं होतं, पण सासूसमोर बोलणार कशी? सिस्टर आली. बाळासमोर वाकली, विचारलं, मग कान त्याच्या तोंडाजवळ नेला आणि बराच वेळ मान हलवत ऐकलं. मग आजीकडे वळून म्हणाली, "हे म्हणतात का, मध आम्ही मोठे झाल्यावर खाऊ. सध्या आईचंच पाजा म्हणते."

आजी म्हणाली, "असं म्हणाला तो?"

"मी कायले खोटं बोलू?"

आणि झालं. सून काही बोलली नाही, सिस्टरने काही शिकवलं नाही, आजी हरली नाही. नातवाने सांगितलं, विषय संपला. दुसऱ्या दिवसापासून आजीच गल्लीत सगळ्यांना सांगत फिरायची की आमच्या पोराला मध आवडत नाही. एका घरात साड्यांवर खडे चिकटवायचं काम चालायचं, सगळ्या खोलीत तो गोंदाचा वास आणि मधोमध झोळी. तिथे पण बाळानेच तक्रार केली. साड्यांचे गठ्ठे बाहेर ओट्यावर गेले. कोणाचं नाव नाही, कोणावर आरोप नाही. बाळ बोललं.

आता आमच्या घराचं.

तेव्हा आम्ही खात्याच्या वर राहायचो. खातं म्हणजे लूमचा, कापड विणायच्या मागांचा कारखाना, सुरतेत खातंच म्हणतात. खाली लूम, वर भाड्याच्या खोल्या. दादा खालीच लूम चालवायचा, जिना उतरला की ड्युटीवर. ज्यांनी लूमचा आवाज कधी ऐकला नाही त्यांना कसं सांगू... तो आवाज कानात नसतो, दातात असतो. दिवसरात्र. भिंतीला हात लावला तरी थरथर, तांब्यात पाणी ठेवलं तर त्यात गोल गोल लाटा. आम्ही घरात बोलायचोच कमी. हातानेच सगळं. पाणी हवं तर अंगठा तोंडाकडे, जेवायला बस तर पाची बोटं एकत्र, आईला राग आला तर कंबरेवर हात, पुरे. गावी गेलो की लोक म्हणायचे, तुम्ही एक तर ओरडता नाही तर मुक्यासारखे बसता. आम्हाला कळायचंच नाही आपण काय वेगळं करतोय.

अशा घरात ईशू आली. माझी भाची, दादाची मुलगी. वहिनी बाळंतपणाला माहेरी शिरपूरकडे गेलेली, सव्वा महिन्याने बाळाला घेऊन आली. आणि बाळ इतकं शांत की काय सांगू. लूमच्या धडधडाटात झोळीत टाकलं की ढाराढूर. आईचा जीव की प्राण. येईल त्याला सांगायची, "आमनी पोर खातामा जन्मेल शे का काय, तिले लूमना आवाज बी गोड लागस." आमची मुलगी जणू खात्यातच जन्मली, तिला लूमचा आवाज पण गोड लागतो. दुसऱ्यांची पोरं चिडचिड करायची, आमची नाही. आम्हाला केवढा अभिमान.

सिस्टर आमच्याकडे पण यायची. बटाटा, काटा, अहो काय म्हणता. पण ईशूसमोर ती जास्त वेळ थांबायची. दुसऱ्या वेळी तर तिने विचारलं, वाट बघितली, मग बाजूला जाऊन मागून विचारलं, परत वाट बघितली. आणि "हे म्हणतात" असं काही न म्हणताच निघून गेली. आई म्हणाली, आज काही तक्रार नाही वाटतं आमच्या बाईंची. मी हसले. मला आठवतंय मी हसले.

मग सोमवार सुरू झाले.

आमच्या भागातल्या खात्यांना सोमवारी सुट्टी असायची. सकाळी आठच्या सुमाराला सगळीकडचे मेन स्विच पाडायचे. ती शांतता जी पडते ना, ती ऐकू येते. एवढा मोठा आवाज एका सेकंदात गेला की माणूस दचकतो. सिस्टर बरोबर पावणेआठला येऊन गल्लीच्या मधोमध उभी राहायची. बॅग पोटावर, मान वर, डोळे मिटलेले. लोक बाजूने जायचे, रिक्षावाले हॉर्न मारायचे, पानटपरीवरचा भैया दर वेळी म्हणायचा, सिस्टरजी, भगवान से लाईन लगी क्या? ती उत्तर द्यायची नाही. आठ वाजले, लूम थांबले, आणि त्या शांततेत, एकेका खोलीतून, वरून, खालून, समोरून, बाळं रडायला लागायची.

मी अठरा वर्षं तिथे राहिले आणि मला हे माहीत नव्हतं. खात्यावरची बाळं आवाजात झोपतात आणि आवाज गेला की उठतात. दर सोमवारी आठला सगळी गल्ली रडायची आणि आम्हाला वाटायचं, चला, पोरं उठली, दूध तापवा. आणि ही बाई खाली उभी राहून एकेक आवाज वेगळा ऐकायची. हा दुसऱ्या मजल्यावरचा, ही कोपऱ्यातली जुळी, हा घसा बसलेला. डोळे उघडायची, वहीत टिक करायची.

आमच्या खोलीतून आवाज यायचा नाही.

ती तीन सोमवार उभी राहिली. तिसऱ्या सोमवारी जिना चढून वर आली आणि बाळाशी न बोलता थेट आईशी बोलली. म्हणाली, मी डॉक्टर नाही, मी फक्त उभी राहून ऐकते. पण पोरीचे कान तपासून घे, लवकर. सात महिन्याची झाली. जेवढा उशीर तेवढं बोलणं मागे पडते, अन् मग पकडता येत नाही.

आई लालबुंद. तिला वाटलं तिच्या नातीला शिवी दिली. म्हणाली, आमच्या पोरीला सगळं ऐकू येतं, दाखवू? ईशू खाली गोधडीवर पालथी पडून खेळत होती. आईने स्टीलची मोठी थाळी घेतली, तिच्या पाठीमागे गेली आणि लादीवर सोडून दिली. ईशू दचकली. मान वळवून थाळीकडे बघितलं. आईने सिस्टरकडे असं बघितलं की बस. "ऐकस ना आमनी पोर?"

मी पण खूश झाले. दादा दारात उभा होता, त्याने सुटकेचा श्वास सोडला. वहिनी चुलीपाशी, तिचं तोंड भिंतीकडे.

सिस्टर खाली वाकली, ईशूला उचललं, झोळीत ठेवलं. झोळी हलायची थांबेपर्यंत थांबली. मग थाळी उचलून आईच्या हातात दिली आणि म्हणाली, आता टाक.

आईने टाकली. आमच्या खोलीत एवढा आवाज झाला की खालून कोणीतरी ओरडलं, काय झालं म्हणून. ईशू झोळीत स्वतःच्या पायाचं बोट धरून बघत होती. पापणी पण हलली नाही.

"पुन्हा," सिस्टर म्हणाली.

आईने पुन्हा टाकली.

लादी थरथरली म्हणून पोर वळली होती. आवाजाने नाही. खात्यावर वाढलेलं बाळ, त्याला जमीनच सगळं सांगत होती, कोण आलं, काय पडलं, दादा जिना चढतोय. आणि आम्ही हातांनी बोलणारं घर, त्यामुळे तिला आमचं सगळं कळायचं, आणि आम्हाला वाटायचं किती हुशार. आमच्यासारख्या घरातच हे झाकून राहू शकतं. दुसरीकडे कुठे राहिलं असतं का? मला नाही वाटत.

पण आईने ते मान्य केलं नाही. थाळी उचलून मांडणीत ठेवली आणि सिस्टरला सांगितलं की बेन, आता आमच्या घरी यायचं नाही. मुलीची जात आहे, गल्लीत बोभाटा झाला तर उद्या कोण करेल तिला? दादा दारातून बाजूला झाला. सिस्टर जिना उतरून गेली.

आणि दुसऱ्या दिवशी आली. वर नाही. घरी यायचं नाही सांगितलं होतं ना, म्हणून जिन्याच्या खाली, पहिल्या पायरीच्या अलीकडे, साडेदहाला येऊन उभी राहिली. दहा मिनिटं. आई वरून बघायची, ती खालून बघायची. जाताना एकच, "उद्या येते." तिसऱ्या दिवशी पण. मी कॉलेजला निघताना तिच्या बाजूने जायचे, लाज वाटायची, नजर चुकवायचे. पाऊण महिना तरी झाला असेल. रविवारी तिला सुट्टी असायची, रविवारी पण आली, घरच्या साडीत, पण तेच पांढरे बूट. आई म्हणायची, दगड आहे ही बाई. पण मला दिसायचं, साडेदहा वाजले की आई स्वतःच उठून कठड्याशी जायची.

मग एक दिवस आई बाजाराला गेलेली, आणि वहिनीने ईशूला दुपट्यात गुंडाळलं आणि मला म्हणाली, चल माझ्यासोबत. वहिनी म्हणजे आमच्या घरात दोन वर्षांत दोन वाक्यं मोठ्याने न बोललेली. आम्ही खाली उतरलो, सिस्टर उभीच होती. ती लगेच आमच्या पुढे चालायला लागली, मोठ्या दवाखान्याच्या बसकडे.

तिथे बाळाला झोपवून डोक्याला वायरी लावतात आणि कानात टकटक आवाज सोडतात. मेंदूला आवाज पोहोचला तर पडद्यावर डोंगर उमटतात. आमच्या पडद्यावर रेघ सरळच. डॉक्टर मॅडमनी आवाज वाढवला. सरळ. अजून वाढवला. मी वहिनीकडे बघायला घाबरत होते, म्हटलं आता रडेल. ती रडली नाही. ती मला म्हणाली, "माले कव्हयनं मालूम शे."

तिला कधीचं माहीत होतं. म्हणाली, दुसऱ्याच महिन्यापासून. दुपारी झोपवताना तिने एकदा गाणं मध्येच थांबवून बघितलं, पोर तशीच झोपत गेली. मग रोज थांबवून बघायची. मग गाणं बंदच केलं. कोणाला सांगणार होती? तिच्यावरच आलं असतं, गरोदरपणी काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं. पाच महिने ती एकटी हे घेऊन त्या आवाजात स्वयंपाक करत होती. सिस्टर तिच्याशेजारी बाकावर बसली होती. तिने तिचा हात वगैरे धरला नाही. ईशूकडे वाकली आणि म्हणाली, "हे म्हणतात का, आईचं काही चुकलं नाही." तेव्हा वहिनी रडली. इतकी रडली की बाहेरून वॉर्डातली बाई बघायला आली.

पुढचं भराभर सांगते. आधी कानाची मशीन, मग कानाच्या आत तार बसवून वरून नवी मशीन लावायचं ऑपरेशन, लहान मुलांसाठी सरकारी योजना आहे त्यातून. पण त्याचे कागद, त्यासाठीच्या चकरा, एक साहेब नाही तर दुसरा, सगळीकडे सिस्टर पुढे आणि आम्ही मागे. घरी आईला दादाने सांगितलं. आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी साडेदहाला स्वतः जिना उतरून खाली गेली, आणि सिस्टरला म्हणाली, वर चला. बस, तेवढंच. माफी वगैरे आमच्याकडे मागत नाहीत.

ऑपरेशननंतर सांगितलं की मशीनला लूमचा आवाज चालणार नाही, सगळं त्यातच बुडेल. म्हणून आम्ही खोली सोडली, दोन गल्ल्या पलीकडे जिथे खातं नाही तिथे आलो, म्हणजे इथे, जिथे मी आत्ता बसलेय. पहिल्या आठवड्यात आम्हाला कोणालाच झोप आली नाही, इतकं शांत. आणि मग कळलं की आम्हाला बोलताच येत नाही. हातानेच सुरू. सिस्टर आली आणि म्हणाली, हात बांधा, तोंड उघडा. दिवसभर पोरीशी बोलायचं, भाकरी थापतेय, तवा ठेवतेय, पाणी सांडलं, सगळं बोलून सांगायचं. आणि एकाच भाषेत, नाही तर ती गोंधळेल. तर घरात भांडण, कुठल्या? दादा म्हणाला गुजराती, शाळेत कामाला येईल. मी म्हटलं चांगली मराठी. आई म्हणाली मग मी काय मुकी राहू?

सिस्टरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही भांडता कोणत्या भाषेत?"

अहिराणीत, अर्थात. विषय संपला.

आई जी सुरू झाली ती सुरूच. सकाळी उठल्यापासून ईशूच्या मागे, हे काय, ते काय, कावळा आला, भाजीवाला गेला. एक महिना, दोन महिने, सहा महिने. ईशू ऐकायची, वळायची, मशीन ओढून काढायची, परत लावायची, पण तोंडातून शब्द नाही. उशीर झाला की काय, हे घरात कोणी बोलायचं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच, आणि आईच्या मनात सगळ्यात जास्त, कारण तो पाऊण महिना तिचा होता. ती रात्री मला विचारायची, त्या दिवसांनी फरक पडला असेल का गं? सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, मला माहीत नाही. खोटा धीर तिने कधी दिला नाही. बाळं बोलतात असं खुशाल सांगणारी बाई, पण हे नाही.

आणि मग तो दिवस. दुपारची वेळ, वहिनीच्या हातून दूध उतू गेलं आणि आई तिच्यावर तुटून पडली. लक्ष कुठे असतं, रोजचंच आहे, असं तोंडाचा पट्टा सुरू. ईशू पावणेतीन वर्षांची असेल. ती उठली, दोघींच्या मध्ये जाऊन उभी राहिली, वर आईकडे बघितलं आणि म्हणाली,

"गप."

स्वच्छ. जसं बोलतात तसं. आई थांबली. म्हणाली, काय बोलनी तू? तर तिने पाय आपटून परत, "गप."

वहिनी ओट्याला टेकून खालीच बसली. मी हातातलं पुस्तक कुठे टाकलं मला आठवत नाही. आईने फोन लावला, सिस्टरला, आणि रडत, हसत, अहिराणीत की कशात, सांगतच सुटली की बेन, पोर बोलली, मला गप म्हणाली, दोनदा म्हणाली, तुम्ही या, आत्ता या. फोन स्पीकरवर होता. पलीकडे कुठेतरी बाळ रडत होतं, सिस्टर कोणाच्या तरी घरी होती.

ती म्हणाली, "मग राहा ना गप. पोरीनं पहिल्यांदा काही सांगतलं, अन् तू फोनवर बडबडून राहिली."

आणि फोन ठेवला.

आईने खरंच ऐकलं. संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. ईशूच्या समोर मांडी घालून बसली होती, दोन्ही हात मागे घेऊन, आणि नुसती तिच्या तोंडाकडे बघत होती, की आता अजून काय म्हणते.

मला अजून सुचतंय, पण चहा पूर्ण गार झाला आणि खालून कोणीतरी हाका मारतंय. तुम्ही सांगा. तुमच्या घरातली एखादी गोष्ट, जी तुमच्या नाकासमोर होती आणि तुम्हाला दिसत नव्हती, ती बाहेरच्या कोणी येऊन नुसतं उभं राहून ओळखली, असं तुमच्याकडे कधी झालंय का? आणि त्या माणसाला तुम्ही पण आधी घरातून घालवून दिलं होतं का?